बाजारचा वाफा

जुन्नर तालुक्यातल्या माझ्या माहेरी विहिरीच्या कडेला दोन-अडीच गुंठ्यांचा एक तुकडा आहे. त्यात मेथी, कोथिंबीर, चार वांगी, मिरच्या आणि एखादा भोपळ्याचा वेल. बांधापलीकडे एकरभर टोमॅटो. दिवाळीला गेले होते तेव्हा पिशवी घेऊन मी सहज टोमॅटोकडे वळले, तर धाकटा भाऊ ओरडला, "ताई, तिकडचे नको तोडू. कालच फवारलंय. ते बाजारचं आहे, घरचं इकडं."

मी पिशवी घेऊन तशीच उभी राहिले. एरवी पुण्यात बसून मी जे खाते ते हेच की! वर्षातले दोन दिवस मी 'घरची', बाकी सगळे दिवस 'बाजारची'.

भावावर रागावण्यात अर्थ नव्हता. टोमॅटोवर नागअळी येते, फळ पोखरणारी अळी येते, करपा येतो. आणि डागी माल व्यापारी बाजूला काढतो. "तुम्हालाच डाग चालत नाही ना," तो म्हणाला. मी निमूट ऐकून घेतलं. मंडईत टोमॅटो उलटून-पालटून घेणाऱ्या बायकांत मीही असतेच.

पुण्याला परत आल्यावर ठरवलं, आता घरात फवारलेलं काही आणायचं नाही. आमच्या चौघांचा किराणा आणि भाजी मिळून महिन्याचे नऊ हजार. पहिल्या महिन्यात डाळी, तांदूळ, गूळ, तेल, भाजी सगळं सेंद्रिय दुकानातून आणलं आणि एकोणीस तारखेला पाकीट रिकामं झालं. दुसऱ्या महिन्यात मी शहाणपणा केला: तूरडाळ तीच, पण निम्मी आणली. वरण पातळ झालं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त डाव पातेल्याच्या तळापर्यंत नेऊन एकदा फिरवला. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. सेंद्रिय अन्नात पोषण फार जास्त असतं, असं काही ठामपणे सिद्ध झालेलं नाही. फरक मुख्यतः औषधांच्या अंशाचा. त्या अंशाला भिऊन म्हाताऱ्या माणसाच्या ताटातली डाळ कमी करायची, हा शुद्ध वेडेपणा होता.

मग वही घेऊन बसले. पाकीटबंद मालावरची 'जैविक भारत' ही खूण 2017 च्या नियमांनी आली. ती मिळवायला शेताचं प्रमाणीकरण लागतं, आणि त्याआधी हंगामी पिकांना दोन, फळबागांना तीन वर्षं संक्रमणाची काढावी लागतात. त्या काळात उत्पन्न घटू शकतं, आणि भाव मात्र साधाच मिळण्याची शक्यता. शिवाय तपासणीची फी, पॅकिंग, वाहतूक. हे सगळं माझ्या किलोभर डाळीवर चढलेलं असतं. पण वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल, तर त्याला या प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणजे स्वस्त पडेल असा माल नेमका त्याच्याकडे, आणि खात्री देणारा शिक्काही नेमका त्याच्याकडेच नाही!

आमच्या भागातल्या रविवारच्या शेतकरी बाजारात म्हणून मी एक युक्ती करते. "किडीला काय मारता?" असं विचारते. "आमच्याकडे कीड येतच नाही" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जायचं. "दशपर्णी अर्क मारतो, तरी निम्मी वांगी गेली" असं जो वैतागून सांगतो, त्याच्यापाशी थांबायचं. भर मे महिन्यात ज्याच्या गाड्यावर पांढराशुभ्र फ्लॉवर दिसतो, त्याला मात्र काही विचारायचीही गरज नसते.

सगळंच सेंद्रिय हा हट्ट सोडला. कांदा, लाल भोपळा, सुरण, केळी साधीच आणते. साल निघून जाते. पैसे घालायचे ते सालीसकट खाण्याच्या वस्तूंवर: पालेभाजी, भेंडी, वांगी, मिरची. भाज्या धुतल्याने वरचा थर बराचसा जातो, पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या अंगातच भिनलेलं असतं. त्याला नळाचं पाणी काय करणार? गूळ पिवळाधमक आणायचा नाही, एवढं पथ्य पाळते. तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस पावडरचा असतो. नाचणी मावळातून येते. डोंगरउतारावरच्या नाचणीला खत-औषध फारसं कोणी घालत नाही, पण 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं तेव्हापासून तिची बिस्किटं झाली आणि बिस्किटांचे भाव तर विचारूच नका. आम्ही आपली भाकरीच करतो.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी. करटोली आता परवडत नाहीत, शहराला त्यांची चव कळली. सोसायटीच्या कुंपणाला शेवग्याचं झाड आहे. त्याचा पाला थालीपिठात घातला. मुलांनी नाकं मुरडली आणि तिसऱ्या वेळेला कळलंच नाही.

तरीही टोमॅटोचा तो एकर डोक्यातून जात नव्हता. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. माझ्या ताटात येतो तो अंश. पंप पाठीवर असणाऱ्याच्या श्वासात जातं ते सबंध औषध. माझा भाऊ तोंडाला टॉवेल गुंडाळून फवारतो. त्याला मास्क नेऊन दिला, तर म्हणाला, उकडतं.

शेवटी त्यालाच विचारलं, "घरचा वाफा थोडा वाढवशील? आमच्या इमारतीतली दहा घरं मंडईच्या भावाने घेतील." तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने मजुरी, एसटीने पिशव्या पाठवण्याचा खर्च, नासधूस असा हिशेब मांडला आणि म्हणाला, "मंडईच्या भावाने नाही जमायचं. पाच रुपये वर दे, आणि माल घेतल्यावर कुरकुर नको." दहातली सात घरं तयार झाली. पहिल्या आठवड्यात दोघींनी किडकी वांगी परत आणून दिली. ती मी ठेवून घेतली आणि कीड काढून भरीत केलं. आता पाच घरं उरली आहेत.

गेल्या शनिवारी आलेल्या पिशवीत मेथीच्या जुड्यांवर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती: "वांगी या वेळी कमी. जास्त अळीनेच खाल्ली. टोमॅटोच्या चार ओळी बिनफवाऱ्याच्या ठेवल्यात, बघू काय होतं ते."