महमूद गवान मदरसा

महमूद गवान मदरसा ही कर्नाटकातील बीदर शहरात असलेली पंधराव्या शतकातील विद्यापीठाची इमारत आहे. बहमनी सल्तनतीचा वजीर महमूद गवान याने ती इ.स. १४७२ मध्ये बांधून पूर्ण केली. इराणी शैलीचे वास्तुशिल्प आणि झिलईदार रंगीत फरशांचे नक्षीकाम यांसाठी ती प्रसिद्ध आहे.

इतिहास
महमूद गवान मूळचा इराणमधील गिलान प्रांताचा. तिसऱ्या मुहम्मदशाहाच्या कारकिर्दीत तो वजीर झाला. इराणमधील विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार होता. मदरशाच्या ग्रंथालयात सुमारे ३,००० हस्तलिखिते होती, असे सांगितले जाते. दरबारातील विरोधकांनी रचलेल्या बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने इ.स. १४८१ मध्ये त्याला देहदंड दिला. पुढे बीदर मुघलांच्या ताब्यात असताना, सतराव्या शतकाच्या अखेरीस, येथे स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग कोसळला.

रचना
इमारत तीन मजली असून तिची लांबी सुमारे ६८ मीटर व रुंदी सुमारे ६० मीटर आहे. मध्यवर्ती चौकाच्या चारही बाजूंना उंच कमानींची दालने अशी ही इराण व मध्य आशियातील मदरशांची मांडणी आहे. मशीद, ग्रंथालय, व्याख्यानगृहे तसेच अध्यापक व विद्यार्थी यांच्या खोल्या चौकाभोवती होत्या. प्रवेशाच्या पूर्व दर्शनी भागाच्या दोन टोकांना मिनार होते; त्यांपैकी एकच आज उभा आहे. त्याची उंची सुमारे ४० मीटर आहे.

फरशीकाम
पूर्व दर्शनी भाग व मिनार निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या आणि हिरव्या छटांच्या फरशांनी मढवलेले होते. मिनाराच्या अंगावर नागमोडी पट्टे फिरवले असून भिंतीवरील पट्ट्यांत गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत कुराणातील वचने लिहिलेली आहेत. येथे अक्षरलेखन हाच अलंकरणाचा मुख्य घटक ठरतो. भिंतींचा गाभा दगड-चुन्याचा असून फरशा त्यावर केवळ आवरण म्हणून बसवलेल्या आहेत. त्यामुळे फरशा गळून पडल्या तरी इमारत टिकली, परंतु तिचे मूळ रंगरूप हरपले. बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालातही फरशीकाम आढळते.

सद्यस्थिती
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली ही वास्तू आहे. बरेचसे फरशीकाम नष्ट झाले असल्याने दर्शनी भागावर उरलेले तुकडे हाच मूळ रंगसंगतीचा प्रत्यक्ष पुरावा होय. दख्खनच्या सुलतानशाही स्मारकांच्या गटात बीदरचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झालेला आहे.