रानात जाताना पायांत काय घालाल?

शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आली. पण गुरांसाठी, लाकूडफाट्यासाठी आपल्याला रानात जावेच लागते. पावसाळ्यात डहाणू-तलासरीकडे गवत वाढते. त्यात नाग, घोणस, फुरसे दडतात. साप बहुधा पायालाच चावतो. म्हणून अनवाणी जाऊ नका.

बूट संध्याकाळी घ्या. दिवसभर चालून पाय थोडे फुगतात. सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो, बरं का! दुकानातच चालून बघा. बोटांपुढे अंगठाभर जागा हवी. टाच आत हलता कामा नये. बूट घोट्याच्या वर यावा. तळ जाड, खाचांचा असावा. म्हणजे महालक्ष्मीच्या डोंगरावर पाय घसरणार नाही. चिखलात गमबूट बरा. घालण्याआधी बूट झटका. आत विंचू असतो.

तरीही साप चावलाच, तर भगताकडे वेळ घालवू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा.

बूट पुन्हा घेता येतो. पाय घेता येत नाही.