टॅब घरात आला, पण तो पाच वर्षं टिकवायचा कसा?

किनवट : तालुक्यातल्या बऱ्याच घरांत आता टॅब दिसतो. कुणी सोयाबीन-कापसाच्या पैशातून पंधरा-अठरा हजारांचा घेतलाय, तर कुणाच्या लेकराला 'महाज्योती'कडून मोफत मिळालाय. महाज्योती म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था. नागपूरची ही राज्य सरकारची संस्था ओबीसी, विमुक्त, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नीट, जेईई आणि एमएचटी-सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण देते. सोबत टॅब, आणि रोज ६ जीबी इंटरनेट. आपल्याकडं बंजारा तांडे बरेच, त्यामुळं ही योजना इथं नवी नाही.

टॅब मिळाल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी पाहिले. तिसऱ्या वर्षी त्या टॅबचं काय झालं, ते मात्र कुणी टाकत नाही.

जरा हिशोब करून बघा. अकरावी-बारावीची दोन वर्षं. नीट पहिल्या झटक्यात निघाली नाही तर 'रिपीट'चं एक वर्ष. मागं धाकटी बहीण असेल तर तिची पुढची दोन. म्हणजे टॅब पाच वर्षं चालायला पाहिजे. वॉरंटी बहुतेक एकाच वर्षाची असते. उरलेली चार वर्षं आपल्या हातात. आणि मधेच तो बंद पडला तर आपल्याकडं दुसरा टॅब आणायचा नसतो, धाकटीचा अभ्यास बापाच्या मोबाइलवर जातो, तोही बाप शेतातून आल्यावर.

आधी मरते ती बॅटरी

मधल्या किमतीच्या टॅबमध्ये साधारण सात-आठ हजार एमएएचची लिथियम बॅटरी असते. ही बॅटरी वापरानं झिजते, पण त्याहून जास्त झिजते गरमीनं. मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो. पत्र्याच्या घरात दुपारी आत काय होतं ते सांगायची गरज नाही. बॅटरीवाल्यांचा एक ठोकताळा आहे: फुल्ल चार्ज केलेली लिथियम बॅटरी चाळीस अंशांत वर्षभर पडून राहिली तर तिची साधारण एक तृतीयांश ताकद जाते. तीच चाळीस टक्के चार्जवर ठेवली तर नुकसान पंधरा टक्क्यांच्या आसपास. ठेवायची जागा तीच, टॅबही तोच, फरक फक्त चार्जचा.

म्हणून उन्हाळ्यात टॅब दुपारी चार्जिंगला लावू नका. पहाटे किंवा रात्री लावा, जाड कव्हर काढून, गादीवर नाही तर फरशीवर किंवा लाकडी पाटावर. शंभर टक्के झालाच पाहिजे असा हट्ट नको. ऐंशी-पंच्याऐंशीला काढला तरी दिवस निघतो. काही कंपन्यांच्या टॅबमध्ये सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर 'बॅटरी प्रोटेक्शन' असं बटण असतं. ते चालू केलं की टॅब स्वतःच तिथं थांबतो. पंधरा-वीस टक्क्यांवर आला की लावा, बंद पडेपर्यंत ओढू नका.

सुट्टीत पोरगं मामाच्या गावाला गेलं आणि टॅब पेटीत राहिला, असं आपल्याकडं हमखास होतं. पेटीत टाकण्याआधी तो निम्मा चार्ज करून स्विच ऑफ करा. शून्यावर ठेवलेली बॅटरी दोन-तीन महिन्यांत इतकी उतरते की नंतर चार्जच घेत नाही. लोक म्हणतात टॅब खराब निघाला. खराब निघालेला नसतो, उपाशी मेलेला असतो.

लाइट जाते-येते तेव्हा व्होल्टेज वरखाली होतं. चार्जर टॅबसोबत आलेलाच वापरा. तो गेला तर बीआयएसचा शिक्का असलेला घ्या. बाजारात मिळणारा शंभर रुपयांचा चार्जर शेवटी महागात पडतो.

आणि एक धोक्याची खूण. स्क्रीन एका कडेनं उचलल्यासारखी वाटली, किंवा पाठ फुगली, तर बॅटरी फुगलीय असं समजा. त्याच क्षणी चार्जिंग बंद. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू नका, चुलीजवळ तर अजिबात ठेवू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती बदलून मिळते, टॅब फेकायची गरज नसते.

जीमेलचा पासवर्ड कुणाकडं आहे?

हा प्रश्न आजच घरात विचारा. आमच्याच घरातल्या टॅबचं झालं ते सांगतो. घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं पटकन एक जीमेल आयडी बनवून दिला. पासवर्ड काय ठेवला ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दोन वर्षं मजेत गेली. मग लहानग्यानं पॅटर्न बदलला आणि विसरला. कुणीतरी बटणं दाबून टॅब रिसेट केला. रिसेट झाला, पण सुरू होताना त्यानं जुनाच जीमेल आयडी आणि पासवर्ड मागितला. चोरी होऊ नये म्हणून गूगलनं घातलेलं हे कुलूप आहे. चोराला अडवायला केलेलं, आणि अडकलो आम्ही. महिनाभर टॅब नुसती पाटी होऊन पडला होता.

बिल असेल तर कंपनीचं अधिकृत सेंटर शहानिशा करून असं कुलूप काढून देऊ शकतं. पण त्यासाठी आपल्याला नांदेड गाठावं लागतं, म्हणजे एक दिवस आणि एक रोज बुडाला. मोफत मिळालेल्या टॅबचं तर आपल्या नावचं बिलही हातात नसतं. तेव्हा तो मिळाल्याचा जो काही कागद असेल तो जपा. आयडी आणि पासवर्ड वहीत लिहा, आणि त्या खात्याला घरातला असा मोबाइल नंबर जोडा जो दर सहा महिन्यांनी बदलत नाही.

हळू झाला म्हणजे म्हातारा झाला असं नाही

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी टॅब अडखळायला लागतो. बहुतेक वेळा कारण एकच: जागा भरली. स्टोरेज काठोकाठ भरलं की टॅबला नवीन काही लिहायला जागा शोधत बसावं लागतं. चौसष्ट जीबीपैकी दहा-बारा जीबी मोकळी ठेवा. अभ्यासाच्या टॅबवर व्हॉट्सॲपचे सगळे ग्रुप कशाला पाहिजेत? 'गुड मॉर्निंग'चे फुलं-पक्षी आणि लग्नाचे व्हिडिओ निम्मी जागा खातात. व्हॉट्सॲप ठेवायचंच असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. उतरवलेले लेक्चर आणि पीडीएफ मेमरी कार्डवर हलवा. ॲप मात्र टॅबमध्येच राहू द्या, कार्डावरून ती रखडतात.

मधल्या किमतीच्या टॅबला कंपनी मोठे अपडेट फार वर्षं देत नाही. त्यावरून घाबरून नवा घेऊ नका. व्हॉट्सॲपनं अँड्रॉइड ४.४ ला सोडलं ते १ जानेवारी २०२५ ला, आणि ते अँड्रॉइड २०१३ चं होतं. म्हणजे साधी ॲप बराच काळ साथ देतात. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या टॅबवर फक्त बँकेचं आणि यूपीआयचं ॲप ठेवू नका. अभ्यासाला तो चालतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, आणि पीडीएफला अपडेट लागत नाही.

महाज्योतीचं इंटरनेट प्रशिक्षण चालू असेपर्यंतच असतं. ते बंद व्हायच्या आत लागतील त्या नोट्स आणि पुस्तकं उतरवून घ्या. जंगलपट्ट्यातल्या गावांत रेंजचे हाल सगळ्यांना माहीत आहेत, तिथं कार्डावर उतरवलेलं पुस्तकच कामाला येतं.

दुरुस्तीचा खर्च कुणाच्या माथी?

मोफत वस्तूची ही खरी अडचण आहे. अंगणवाडी ताईंचं आठवत असेल. २०१९ मध्ये त्यांना सरकारी मोबाइल मिळाले, २ जीबी रॅमचे. दोन वर्षांत ते गरम व्हायला लागले, हँग व्हायला लागले, वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याच गळ्यात पडतो अशी तक्रार सुरू झाली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. त्यांना निदान परत करायची सोय होती आणि मागं संघटना होती. बारावीच्या पोरीला टॅब परत करून अभ्यास थोडाच करता येतो?

खर्चाचं साधं गणित असं. चार्जिंगची पिन ढिली झाली तर बहुतेक वेळा काही शेकड्यांत काम होतं, आणि कितीदा तर आत नुसती धूळ साचलेली असते. टॅब बंद करून लाकडी काडीनं हलकेच काढा, सुई घालू नका. बॅटरी बदलणं परवडतं. स्क्रीन फुटली तर मात्र विचार करा, कारण टॅबची स्क्रीन महाग असते आणि जुन्या मॉडेलची लवकर मिळतही नाही. कव्हर आणि काच पहिल्याच दिवशी बसवा, पडल्यावर नाही.

युरोपात २० जून २०२५ पासून असा नियम लागू आहे की टॅबची विक्री बंद झाल्यावरही कंपनीनं सात वर्षं सुटे भाग द्यायचे. आपल्याकडं अशी सक्ती नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलंय, तिथं बऱ्याच कंपन्यांची दुरुस्तीची माहिती आणि सेंटरचे पत्ते मिळतात. वॉरंटीत असूनही कंपनी टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा, मराठीत बोललं तरी चालतं. फोन लावताना बिल आणि टॅबच्या खोक्यावरचा आयएमईआय किंवा सिरियल नंबर जवळ ठेवा. खोकं उंदरानं खाल्लं असेल तर हा नंबर सेटिंगमध्ये 'अबाउट टॅबलेट' या पानावरही सापडतो.