दोन कार्डे, दुप्पट वेग?

विरार पूर्वेच्या फुलपाड्यात राहणारा, नववीतला एखादा विद्यार्थी आपल्याला विचारतो, ‘‘सर, संगणकावरचा खेळ अडखळत चालतो. आहे तसेच आणखी एक ग्राफिक्स कार्ड बसवले, तर तो दुप्पट वेगाने चालेल ना?’’ जुने कार्ड स्वस्तात मिळत असते आणि घरचे पैसे द्यायला तयार असतात. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी हे कार्ड करते काय, ते आपण पाहू.

पडद्यावरचे चित्र बिंदूंचे बनलेले असते. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. एका बिंदूचे गणित बरेचसे दुसऱ्यावर अवलंबून नसते. म्हणून ग्राफिक्स कार्डावर हजारो छोटे गणक एकाच वेळी राबतात. काम असे वाटता येते, तर ते दोन कार्डांत का वाटू नये?

ही कल्पना जुनी आहे. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू-२’ या कार्डांची जोडी बसवता येई. चित्राच्या विषम ओळी एक कार्ड काढी, सम ओळी दुसरे. पुढे एनव्हिडियाने २००४ मध्ये ‘एसएलआय’ आणि एटीआयने २००५ मध्ये ‘क्रॉसफायर’ ही पद्धत आणली. यांत बहुधा एक अख्खे चित्र पहिले कार्ड काढी आणि पुढचे चित्र दुसरे.

येथेच पहिली अडचण आहे. विरारहून दादरला जाणाऱ्या गाड्यांची संख्या दुप्पट केली, तर दुप्पट प्रवासी जातील. पण कोणत्याही एका गाडीचा प्रवास लवकर संपणार नाही. तसेच चित्रांची संख्या वाढली, तरी एक चित्र तयार व्हायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. शिवाय दोन गाड्या पाठोपाठ आल्या आणि मग मोठी खोटी झाली, तर फलाटावरच्या माणसाला जास्त गाड्यांचा फायदा जाणवत नाही. दोन कार्डांची चित्रे अशी जोडीजोडीने आली, की आकडा मोठा दिसूनही खेळ अडखळतो.

दुसरी अडचण साध्या अंकगणिताची आहे. जीन अ‍ॅमडाल यांनी ती १९६७ मध्ये मांडली. समजा, १०० मिनिटांच्या कामातील ८० मिनिटांचे काम वाटता येते आणि २० मिनिटांचे येत नाही. दोघांनी मिळून केले, तर वेळ २० + ४० = ६० मिनिटे. वेग दुप्पट होत नाही, सुमारे १.६७ पट होतो. त्यातही एकमेकांना निरोप देण्याचा वेळ आपण धरलेला नाही. आजच्या खेळांत नवे चित्र काढताना आधीच्या चित्रातील माहिती वापरतात. म्हणजे एका कार्डाला दुसऱ्याची वाट पाहावी लागते आणि वाटता न येणारा भाग वाढतो.

तिसरी गोष्ट स्मृतीची. अशा खेळांत ८ जीबीची दोन कार्डे मिळून १६ जीबी होत नाहीत, कारण दोन्ही कार्डांना त्याच चित्रसामग्रीची प्रत जवळ ठेवावी लागते. दोन शिक्षकांना एकाच पुस्तकाची एकेक प्रत दिली, तर पुस्तके दोन होतात. धडे दुप्पट होत नाहीत.

या कारणांमुळे ही पद्धत मागे पडली. एनव्हिडियाने २०२१ पासून नव्या खेळांसाठी एसएलआयची जुळणी देणे थांबवले. २०२२ च्या ‘आरटीएक्स ४०९०’ या घरगुती वापराच्या सर्वांत मोठ्या कार्डावरही जोडणीची जागा नव्हती. आता बहुतेक नव्या खेळांत दुसरे कार्ड नुसते बसून राहते.

बसवण्याचा खर्च मात्र खराच असतो. मदरबोर्डवर योग्य अंतरावर दोन लांब खाचा लागतात. वीजपुरवठ्याचा डबाही मोठा लागतो, कारण खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. उरलेली वीज वेगळ्या तारांनी द्यावी लागते. २५० वॅटचे दुसरे कार्ड रोज चार तास पूर्ण भाराने चालले, तर महावितरणच्या मीटरवर दिवसाला एक युनिट आणि महिन्याला ३० युनिटे वाढतील. ही जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीतील उष्णता बनते. मे महिन्यात विरारच्या दमट हवेत ती चांगलीच जाणवेल.

मग अनेक गणक जोडण्याचा उपयोगच नाही काय? आहे, पण काम वाटता येणारे हवे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक अनेक प्रक्रियक एकत्र जोडूनच बनवला. तिथल्याच २०२० च्या ‘परम सिद्धी-एआय’मध्ये शेकडो ग्राफिक्स प्रक्रियक आहेत. घरीसुद्धा चलत्‌चित्रपट तयार करताना एका कार्डाला काही चित्रे आणि दुसऱ्याला काही चित्रे देता येतात. तिथे पडद्यासमोर कोणी वाट पाहत नसते, म्हणून दोन कार्डे जवळजवळ दुप्पट काम करतात.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन मुलांना वीस स्वतंत्र बेरजा वाटून द्या. वेळ निम्म्यावर येईल. मग अशा वीस बेरजा द्या, की प्रत्येकीत आधीचे उत्तर लागते. दुसरा मुलगा हातात पेन्सिल धरून बसून राहील. फुलपाड्याच्या मुलाला त्याचे उत्तर यातच मिळेल. त्याने दुसऱ्या कार्डाचे पैसे राखून ठेवावेत आणि पुढे जुने कार्ड विकून, दोन्ही मिळून एकच चांगले कार्ड घ्यावे.