सेकंदाला अकरा लाख

दुष्काळात बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, शिरूर कासारच्या गावांत येणारा पाण्याचा टँकर साधारण दहा-बारा हजार लिटरचा असतो. घरी बसून राहिलेला माणूसही दिवसभरात तेवढी हवा छातीत भरतो. दिवाळीच्या सुमारास याच गावांतून फडावर निघणारा ऊसतोड मजूर मिनिटाला 30 लिटर हवा ओढत राबतो. त्याचे दिवसाला दोन टँकर सहज होतात.

त्या हवेत धूळ, पाचटाचा भुसा आणि जंतू असतात. ती पोचते 48 कोटी वायुकोशांपर्यंत. ते सगळे उलगडून पसरले, तर साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. तिथे एकच जंतू रुजला आणि दर 20 मिनिटांनी दुप्पट होत गेला, तर आठ तासांत त्याचे 1,67,77,216 होतात. नेमकी त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे बनायला मात्र कित्येक दिवस लागतात. तोवर सगळी भिस्त जन्मजात प्रतिकारशक्तीवर.

श्वासनलिकेच्या एकेका पेशीवर सुमारे 200 सूक्ष्म रोम असतात. प्रत्येक रोम सेकंदाला बारा वेळा हलतो, म्हणजे दिवसाला दहा लाखांहून अधिक वेळा. त्यांच्यावरचा चिकट पदर मिनिटाला जेमतेम पाच मिलिमीटर घशाकडे सरकतो आणि अडकलेले जंतू वर नेतो. शेंबडाला आपण नाक मुरडतो. पण जंतूंची भिंत फोडणारे लायसोझाइम अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दीच्या शेंबडातच सापडले. हा शोध 1922 साली प्रसिद्ध झाला.

यातूनही जो जंतू निसटतो, त्याला वायुकोशांत फिरणाऱ्या मॅक्रोफेज पेशी गिळतात. त्या कमी पडल्या तर रसायने सोडून रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींना बोलावतात. अस्थिमज्जा या पेशी रोज सुमारे 10,000 कोटी घडवते, सेकंदाला अकरा लाखांहून जास्त!

एवढ्या फौजेलाही कोपीतल्या, म्हणजे फडावरच्या झोपडीतल्या, चुलीचा धूर जेरीस आणतो. रोम मंदावतात, मॅक्रोफेज नीट गिळेनाशा होतात. त्याच धुरात मजुरांची तान्ही मुले झोपतात. न्यूमोनियाचा न्यूमोकोकस जंतू तर निसरडे कवच घेऊनच येतो. लशीने तयार झालेली प्रतिपिंडे त्या कवचाला चिकटली, की याच पेशींना तो पकडता येतो. महाराष्ट्रात 2021 पासून ही लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते: सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. गळीत हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. म्हणून पहिला डोस बीडमध्ये झालेल्या बाळाला दुसरा कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर, कोपीपर्यंत जाऊन द्यायला हवा.