झापल्याशिवाय काम सुधारत नाही?

झापल्याशिवाय माणूस हलत नाही आणि कौतुक केलं की डोक्यावर बसतो, हा समज कारखान्यातल्या सुपरवायझरपासून शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत पक्का मुरलेला आहे. त्यामागे रोजचा अनुभव असतो, म्हणूनच तो खोडणं अवघड जातं. १९६० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना सांगत होते, की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस जास्त शिकतो. एका मुरलेल्या प्रशिक्षकाने हरकत घेतली : उत्तम कसरतीचं कौतुक केलं की वैमानिक पुढच्या वेळी घसरतो, आणि फसलेल्याला फैलावर घेतलं की सुधारतो. निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष चुकला होता. कानेमन यांनी जमिनीवर खडूने खूण केली आणि प्रत्येकाला तिच्याकडे पाठ करून, न बघता दोन नाणी फेकायला लावली. पहिलं नाणं खुणेजवळ पडलेल्यांपैकी बहुतेकांचं दुसरं लांब गेलं, पहिलं लांब गेलेल्यांचं दुसरं बहुधा जवळ आलं. मध्ये कुणी कुणाला रागावलं नव्हतं.

कुठल्याही दिवसाच्या कामात कौशल्यासोबत योगायोगही असतो, त्यामुळे फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा सरासरीकडे सरकतो. साहेब नेमका वाईट दिवशी ओरडतो आणि सुधारणेचं श्रेय ओरडण्याला मिळतं. अर्थात, यातून कौतुकाचा गुण सिद्ध होत नाही, हेही मान्य करायला हवं. संशोधक क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली सहाशेहून जास्त निष्कर्ष एकत्र तपासले. कामाबद्दल अभिप्राय दिल्याने सरासरी कामगिरी सुधारली होती, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती चक्क खालावली होती. लक्ष कामावरून माणसाच्या स्वतःच्या लायकीकडे वळलं की परिणाम क्षीण होतो, असं त्यांना आढळलं. ‘तू निष्काळजीच आहेस’ यात करण्यासारखं काही सापडत नाही. ‘गाडी सुटल्यावर चलन लिहिलंस, म्हणून नग जुळले नाहीत’ यात सापडतं.

मग चुका पोटात घालायच्या का? मुळीच नाही, पण आधी त्या दिसायला तरी हव्यात. संशोधक एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त निघाली. तिथल्या परिचारिका चूक उघडपणे सांगू शकत होत्या. धाकाखालच्या विभागांत नोंद कमी होती, आणि ज्या चुकीची नोंदच नाही ती दुरुस्त करायला कुणी बसत नाही.