पेशीतली बावीस अक्षरी चिठ्ठी

मंडळी, कोल्हापुराहून बंगळूर रस्त्याने निघालात, की कागल मागे पडते आणि निपाणी येते. तंबाखूची मोठी पेठ. तंबाखूची विडी होते, विडीचा धूर छातीत जातो आणि कित्येकांच्या फुप्फुसात कर्करोग मूळ धरतो, एवढे आपण जाणतो. पण वर्षानुवर्षे शिस्तीत वागणारी पेशी बेसुमार वाढू का लागते? या कोड्याचा एक बारीकसा धागा आज पाहू.

तलाठ्याचे दप्तर डोळ्यांपुढे आणा. मूळ कागद दप्तराबाहेर जात नाही. नक्कल निघते आणि तिच्यावर काम चालते. पेशीतही तसेच. केंद्रकातली जनुके हे मूळ कागद. त्यांची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, बाहेर येते व तिच्याबरहुकूम प्रथिने तयार होतात. आता वाटेत त्या नकलेवर कोणी चिठ्ठी डकवली तर? हुकूम वाचला जात नाही, किंवा नक्कलच फाडली जाते. ही चिठ्ठी म्हणजे मायक्रो-आरएनए. लांबी सुमारे २२ अक्षरे. दाखला जरा लंगडा आहे म्हणा. चिठ्ठीने हुकूम बहुधा साफ बंद होत नाही, मंदावतो. आणि एकच चिठ्ठी शेकडो निरनिराळ्या नकलांना चिकटू शकते.

अशी पहिली चिठ्ठी १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत सापडली. किड्याचीच काही तऱ्हा असेल, म्हणून फारसे कोणी मनावर घेतले नाही! २००० साली ‘लेट-७’ ही दुसरी मिळाली. ती माणसातही निघाली, तेव्हा सगळे जागे झाले. २०२४ चे नोबेल या दोघांना मिळाले.

ही लेट-७ ‘रास’ जनुकाच्या नकलांवर बसते. रासचा हुकूम एकच: वाढ, दुभंग. २००४ साली जपानी संशोधकांना फुप्फुसाच्या पुष्कळ गाठींत लेट-७ कमी आढळली. ज्यांच्यात ती फार कमी, ते रोगी शस्त्रक्रियेनंतर कमी जगले. लगाम सैल, घोडे उधळले. उलट ‘मिर-२१’ ही चिठ्ठी गाठीत वाढलेली असते. ती पेशीचा एक ब्रेकच दाबून टाकते.

मग चिठ्ठी सुईने टोचावी की! ‘मिर-३४’ची तशी चाचणी अमेरिकेत झाली. रोग्यांच्या प्रतिकारशक्तीवर गंभीर दुष्परिणाम झाले आणि २०१६ साली ती थांबवावी लागली. तेव्हा या नावाचे हमखास औषध कोणी विकू लागला, तर पैसे देण्याआधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारा.

शिक्षकबंधूंनो, माणसातली एक लेट-७ फळ्यावर लिहा: यू-जी-ए-जी-जी-यू-ए-जी-यू-ए-जी-जी-यू-यू-जी-यू-ए-यू-ए-जी-यू-यू. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरे मुख्य पकड घेतात. एची जोडी यूशी, जीची सीशी. त्या सातांखाली नकलेवर कोणती अक्षरे हवीत, ते मुलांना काढू द्या. सी-यू-सी-सी-ए-यू-सी आले, म्हणजे जमले.